नोंदवही क्रमांक चार

माझा व्यवसाय छपाईचा आणि पुस्तकबांधणीचा. इस्लामपुरात लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, सोसायट्यांचे अहवाल छापत आणि वह्या शिवत तीस वर्षे गेली. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मात्र हाताखालून जाणारा कागद वाचल्याशिवाय सोडायचा नाही, ही खोड जुनी. तिच्यामुळेच मी अंगणवाडी या विषयात शिरलो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत नोंदींची नवी पद्धत आली. प्रत्येक अंगणवाडीला अकरा नोंदवह्या. कुटुंबांची माहिती, आहाराचा साठा, आहाराचे वाटप, गरोदरपण आणि बाळंतपण, लसीकरण, 'अ' जीवनसत्त्वाचे डोस, गृहभेटी, संदर्भसेवा, गोषवारा, वजने. यांत क्रमांक चारची वही पूर्वशालेय शिक्षणाची. छापील वही भरली की काही सेविका जुनी वही नमुन्याला आणून आमच्याकडे तशीच आखून घेत. मी त्या चाळत असे. बहुतेक वह्यांत पोटाचा आणि शरीराचा हिशेब होता, आणि तो हवाच. चौथ्या वहीत मात्र मुख्यतः हजेरी. मुलाचे नाव आणि पुढे महिन्याचे चौकोन: आला की नाही आला. वही शिक्षणाची, पण आलेले मूल काय शिकले, काय बोलले, कुठे अडले याला जागा नव्हती.

एका बाईंची वही उलटी केली तर मागच्या पानांवर शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिलेले दिसले. "पाऊस वर कशात साठवून ठेवतात? साडेचार वर्षांची मुलगी." त्याखाली, "तिघांत पाच चिंचोके वाटले. दोघांना दोन-दोन, धाकट्याला एक. का? तर तो गिळतो." आणखी खाली, "अजून बोलत नाही. पण भांडी मांडताना ताट, वाटी, ताट, वाटी असा क्रम लावतो."

"बाई, हे कुणी लिहायला सांगितलं?" मी विचारले. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "कुणी नाही ओ सांगितलं. विसरायला होतंय म्हणून लिहून ठेवते. ह्या बारीला मागं वीस कोरी पानं जास्त शिवा."

त्या वीस पानांनी मला कामाला लावले. पुढची दहा वर्षे सवड मिळेल तशी वाळवा आणि शिराळा तालुक्यांतल्या, कऱ्हाडच्या बाजूच्या अंगणवाड्यांत बसलो, मिळेल ते वाचले. तीन ते सहा वर्षांची मुले कशी विचार करतात, याबद्दल गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ कळले आहे. ते त्यांच्या पहिल्या शिक्षिकेपर्यंत का पोचत नाही आणि कसे पोचेल, हा या लेखाचा प्रश्न आहे.

शब्द राहिला, रीत गेली

'अंगणवाडी' हा शब्द सरकारी वाटतो. तो मुळात ताराबाई मोडकांच्या कामातून आला. ताराबाई १८९२ साली मुंबईत जन्मल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली तिथेच नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मारिया माँटेसरींचे विचार त्यांनी गुजराती आणि मराठी घरांत नेले. पण शहरातल्या, खात्यापित्या घरांतल्या मुलांपुरते हे शिक्षण राहिले तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना सुटू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. शाळा उघडली तरी वस्तीतली मुले येईनात. तेव्हा या बायका वस्तीत गेल्या. मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले, आणि ज्याच्या त्याच्या अंगणातच बालवाडी मांडली. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यांवर अंगणवाड्या, अशी ती रचना. माँटेसरींची घोटीव लाकडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, काड्या, पाने, खडे आले. पुढे कोसबाडला मुले गुरे राखायला जात म्हणून शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा.

आपण या कथेतला त्याग तेवढा लक्षात ठेवतो. मला त्यातली ज्ञानाची बाजू मोठी वाटते. ताराबाईंकडे त्या काळचे युरोपातले उत्तम ज्ञान होते. बोर्डीत ते जसेच्या तसे चालत नाही हे दिसल्यावर त्यांनी ते टाकूनही दिले नाही आणि मुलांवर लादलेही नाही. मुलांकडे पाहिले, टिपून ठेवले, आपसांत चर्चा केली, पद्धत बदलली, आणि जे सापडले ते 'शिक्षणपत्रिके'तून व पुस्तकांतून इतरांना सांगितले. वाचन, निरीक्षण, नोंद, चर्चा, बदल. ज्ञान ताजे ठेवण्याची रीत ती हीच.

बोर्डीच्या प्रयोगानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्राचे नाव अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व आहाराचे शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा एका बाईच्या पदरात पडल्या. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. शब्द देशभर गेला, पण निरीक्षणाची आणि नोंदीची रीत वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर, कुणी न सांगता, एखाद्या बाईने जपली तर जपली.

कमी अपेक्षा आणि नको ती घाई

आमच्या गावात सकाळी नऊच्या सुमारास रस्त्यावर उभे राहिले की तीन वर्षांच्या मुलांचे दोन रस्ते दिसतात. एक टाय लावून पिवळ्या गाडीत बसतो. तो साडेतीन वर्षांचा होईपर्यंत इंग्रजी मुळाक्षरे रेघेत लिहितो, आणि त्याला गृहपाठ असतो. दुसरा ताईचे बोट धरून अंगणवाडीत जातो. तिथे प्रार्थना, दोन बडबडगीते, खिचडी, आणि मग मडमसाठी फोनमध्ये फोटो.

पहिल्या रस्त्याला आपण महत्त्वाकांक्षा म्हणतो. ती घाई आहे. बोटांचे स्नायू तयार नसताना आणि शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना केलेले लेखन हे चित्र उतरवणे असते. दुसऱ्या रस्त्याला आपण माया म्हणतो. "गरिबाची लेकरं, दोन घास खाल्ले, चार गाणी म्हटली, बास झालं." मायेच्या पदराखाली इथे कमी अपेक्षा लपलेली असते, आणि समतेला ती घाईइतकीच घातक आहे.

दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ, असर सेंटर आणि युनिसेफ यांनी आसाम, राजस्थान आणि त्या वेळचा आंध्र प्रदेश (आता तेलंगणा) इथल्या ग्रामीण भागात सुमारे चौदा हजार मुलांचा चार ते आठ वर्षे या वयात पाठपुरावा केला. २०१७ साली आलेल्या त्या अहवालाचा निष्कर्ष असा की पाचव्या वर्षी शाळेत जाताना बहुतेक मुलांची तयारी अपुरी होती, मग ती अंगणवाडीतून आलेली असोत की खासगी बालवर्गातून. एकीकडे शिकवणेच थोडे होते, दुसरीकडे पहिलीचा अभ्यास खाली ओढला होता. वयाला साजेसे, विचाराला चालना देणारे काम दोन्हीकडे दुर्मीळ होते.

कायद्याने हा विषय हळूहळू जवळ केला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन व शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांत आले. शिक्षणहक्क कायद्याच्या अकराव्या कलमाने तीन ते सहा वयोगटाची सोय शासनाने करावी असे सुचवले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदान देय असल्याचा निकाल देताना त्यांच्या या शैक्षणिक कामाचीही दखल घेतली. पण सेविका म्हणजे खिचडी वाटणारी बाई, हे मत गावाच्या मनातून गेलेले नाही. कित्येकदा ते तिच्याही मनातून गेलेले नसते.

औताला बैल कुठायत?

आता ज्ञानाकडे येऊ. बाईंना काय माहीत असायला हवे? उदाहरण भाषेचे घेऊ.

एका अंगणवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता. बाईंनी छडी ठेवली, "औ औताचा." पोरे ओरडली, "औ औताचा!" एक मुलगा तक्त्याजवळ जाऊन म्हणाला, "ह्येला बैल कुठायत?" त्याने औत पाहिले असेल ते गोठ्याच्या मागे गंजत पडलेले, नाहीतर ट्रॅक्टरमागचे. प्रश्न लाखमोलाचा होता. बाई म्हणाल्या, "गप बस. पुढं, अं अंबारीचा."

या बाई कोरड्या नव्हत्या. अक्षर आधी आणि बोलणे नंतर, असेच त्या शिकल्या होत्या. मराठी लिपीचे गणित पाहिले तर या क्रमातली अडचण कळते. इंग्रजी मुळाक्षरे सव्वीस. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी धरली तर ओळखायच्या आकृत्या चारशेच्या वर जातात, जोडाक्षरे वेगळी. ती सगळी घोटून झाल्यावर अर्थाकडे वळायचे ठरवले तर मूल तिसरीत जाते, आणि तोवर वाचन म्हणजे ओरडणे हे त्याच्या डोक्यात पक्के बसते.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा भागात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड, अशा दोन भाषांत सुरुवातीच्या वाचन-लेखनाचा तीन वर्षे अभ्यास झाला. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांचा तो अहवाल २०१७ चा. पहिली ते तिसरीच्या वर्गांत भर सगळा अक्षरांवर, उतरवण्यावर आणि एका सुरात म्हणण्यावर होता. तरीही बरीच मुले अक्षरांतच अडकून राहिली, आणि अर्थ, चर्चा, स्वतःच्या मनातले लिहिणे यांना जागाच उरली नाही. अहवाल प्राथमिक शाळेचा असला तरी त्याची मुळे अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात आहेत.

मग तीन ते सहा या वयात करायचे काय? पहिले, भरपूर बोलणे. मुलाने बोलणे आणि बाईंनी ऐकणे. "कुत्रं आल्तं" असे मूल म्हणाले की "आल्तं नाही, आलं होतं म्हण" असे म्हटले तर गोष्ट तिथेच संपते. "असं? कुत्रं आलं होतं? मग काय केलं त्यानं?" असे विचारले तर प्रमाण रूप त्याच्या कानावर पडते आणि गोष्टही पुढे जाते. लहान मुलाचे बोलणे दुरुस्त करण्यापेक्षा वाढवावे, हे साधे वाक्य शंभर तक्त्यांच्या तोडीचे आहे.

दुसरे, शब्दातले ध्वनी सुटे ऐकू येणे. 'भाकरी'ला टाळ्या किती? भा-क-री, तीन. 'म'ने सुरू होणारी आणखी कोणती भाजी? हा तोंडी खेळ आहे, पाटी-पेन्सिल लागत नाही. पण अक्षर म्हणजे ध्वनीची खूण, हे मुलाला पुढे याच्याच आधारावर उमगते. अटकन-मटकनसारखे आपले जुने खेळ हे काम करत होते. आपण त्यांना वेळ घालवणे समजलो.

तिसरे, गिरगटणे. मुलाने चार नागमोडी रेघा ओढून "ही बाबांना चिठ्ठी" म्हटले की त्याला लेखनातली सर्वांत मोठी गोष्ट कळलेली असते: मनातले कागदावर ठेवता येते. त्या रेघांखाली मुलाच्या शब्दांत बाईंनी "बाबा, येताना खाऊ आण" असे लिहून वाचून दाखवले की पुढची पायरी दिसते.

यातले काही दूरदेशीचे नाही. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले. अमेरिकेतून भाषाविज्ञानाच्या अभ्यासाला आलेल्या या बाई फलटणच्या झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या. दलित वस्तीतल्या शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपासून त्यांनी काम सुरू केले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. सगळ्या थरांतली मुले एका वर्गात, घरची बोली वर्गात चालणारी, अक्षरे 'क'पासून ओळीने न घेता ज्यांतून लगेच शब्द करता येतील अशा गटांनी, आणि पहिल्या दिवसापासून हातात पुस्तके.

सत्तेचाळीसमधले सात

दुसरे उदाहरण आकड्यांचे. पाच वर्षांची एक मुलगी एक ते वीस घडाघडा म्हणत होती. बाईंना तिचा अभिमान होता. मी सात चिंचोके मांडले आणि मोजायला सांगितले. बोट एकीकडे, आकडे दुसरीकडे. उत्तर आले नऊ. पुन्हा मोजले, बरोबर सात आले. "मग किती आहेत?" विचारले तर तिने परत एकपासून सुरुवात केली.

रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालच्या पुस्तकात मोजणीचे घटक सुटे करून दाखवले. आकड्यांचा क्रम ठरलेला असतो. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच आकडा द्यायचा. शेवटी उच्चारलेला आकडा हा त्या शेवटच्या चिंचोक्याचे नाव नसून सगळ्या ढिगाची संख्या असतो. ती मुलगी पहिल्या पायरीवर पक्की होती, दुसरीवर डळमळत होती, तिसरीवर पोचायची होती. हे ज्या बाईंना माहीत आहे त्या तिला "चूक" म्हणणार नाहीत आणि एकवीस ते पन्नास पाठ करायलाही लावणार नाहीत. त्या म्हणतील, "जा, आपल्या सगळ्यांना पुरतील एवढ्या वाट्या आण." खिचडीच्या रांगेत गणिताचा तास रोजच असतो.

मराठी मुलाला याशिवाय एक खास अडचण आहे. सत्तेचाळीस म्हणताना आधी सात, मग चाळीस. लिहिताना आधी चार, मग सात. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, पण लिहिताना सुरुवात दोनाने. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ बाईंना पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले. मराठी बुडाली म्हणून सगळे बोलले. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात तो आकडा कसा उभा राहतो, हे फार थोड्यांनी विचारले. बाईंना ही मेख माहीत असेल तर दहा काड्यांची मोळी आणि सुट्या काड्या एवढ्या भांडवलावर ती सुटते.

आणि खेळ म्हणजे आपोआप शिकणे, हा समजही तपासून घ्यावा लागतो. दिल्लीत २१४ बालवर्गांत दीड हजाराहून अधिक मुलांबरोबर संख्या आणि आकारांचे खेळ खेळवून एक प्रयोग झाला. त्यावरचा लेख २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. खेळांनी मुलांची अंदाज करण्याची शक्ती वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. शाळेतल्या लेखी गणितात मात्र त्याचा फायदा उतरला नाही. खेळ आणि शाळेतली चिन्हे यांच्यामधला सांधा कुणीतरी जोडून द्यावा लागतो, असे त्यातून दिसते. हा सांधा साहित्याच्या पेटीत येत नाही, तो बाईंच्या डोक्यात असावा लागतो.

टेलला पाणी

मग बाईंच्या डोक्यात तो जायचा कसा? शासनाने काही केले नाही असे नाही. राज्यात 'आकार' अभ्यासक्रम आला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला. बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा, त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' सुरू झाले. २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' आराखडा आला. कागद म्हणून हे चांगले आहेत. मी वाचले आहेत.

अडचण वाहण्यात आहे. कृष्णाकाठच्या माणसाला ती पटकन कळेल. धरणातून पाणी सुटते, कालव्याला येते, पाटाला लागते, आणि टेलच्या शेतकऱ्याच्या सरीत पोचेपर्यंत त्याची करंगळीएवढी धार होते. दिल्लीत राज्याचे प्रशिक्षक तयार होतात, ते पुढच्यांना शिकवतात, आणि सेविकेच्या वाट्याला तीन दिवस येतात. तीन दिवसांत माहिती सांगता येते. पण "गप बस"च्या जागी "खरंच, बैल कुठं गेले असतील?" हे तोंडात यायला सवय बदलावी लागते, आणि सवय तीन दिवसांत बदलत नाही.

शिवाय वेळ कुठे आहे? आहार, वजने, गृहभेटी, सर्वेक्षणे, आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकरचे ॲप. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांत एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांत फक्त पूर्वशालेय शिक्षणासाठी अर्धवेळ एक बाई जास्त दिली. शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, दीड वर्षात भाषा आणि गणित दोन्हींत मुले ठळकपणे पुढे गेली, आणि कुपोषणही घटले. कारण मूळ सेविकेला आहार-आरोग्याकडे पाहायला सवड मिळाली. प्रशिक्षणाची चर्चा माणूसबळाची चर्चा टाळून करता येत नाही, एवढे यावरून नक्की.

"मानधनासाठी ज्यांना डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ संपावर बसावे लागले, त्यांना तुम्ही बालमानसशास्त्र वाचायला सांगणार?" असे मला एका व्याख्यानानंतर विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. पण ज्या बाई मानधन वाढवून मागतात त्यांना ज्ञान नको असते, असे मी तरी पाहिलेले नाही. उलट, बाईंच्या कामात डोके लागते हे जोवर गावाला पटत नाही, तोवर त्यांच्या कामाचे मोलही 'मानधना'च्या पुढे सरकणार नाही.

मला सुचणारी वाट लहान आहे. बीटची मासिक बैठक आजही होते. २०१८ पासून पोषण अभियानात महिन्याला एक विषय घेऊन सेविकांना थोडे थोडे शिकवण्याची पद्धत रुजली. तिचे २१ पाठ बहुतेक माता-बालकांच्या आहार-आरोग्याचे. त्याच बैठकीत अर्धा तास शिकण्यालाही द्यावा. प्रत्येक बाईंनी महिन्यात एका मुलाचे एक वाक्य, एक चूक, एक प्रश्न लिहून आणावा. सगळ्यांनी मिळून विचारावे: हे मूल असे का म्हणाले? त्याला आता पुढे काय द्यावे? पर्यवेक्षिकेने त्या महिन्यापुरते दोन पानांचे टिपण वाचून दाखवावे, चिंचोके मोजण्याचे, नाहीतर गिरगटण्याचे. पुढच्या महिन्यात काय झाले ते सांगावे. बोर्डीची रीत यापेक्षा वेगळी नव्हती.

अड्ड्यावरची मुलगी

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा आमच्याकडे गळीत हंगामाची तयारी सुरू असेल. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीची कुटुंबे येतील, कारखान्याजवळ कोप्यांचे अड्डे बसतील. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी 'जनार्थ'सारख्या संस्थांनी साखरशाळा चालवल्या. तीन ते सहा वर्षांची मुले मात्र कोपीभोवतीच असतात, नाहीतर फडात बांधावर.

ज्या बाईंनी वीस कोरी पाने मागितली होती, त्यांच्या अंगणवाडीपासून असा एक अड्डा जवळ आहे. दोन हंगामांपूर्वी पाचेक वर्षांची एक मुलगी काखेला भाऊ घेऊन खिचडीला येई आणि वाटी घेऊन परत जाई. कुणी तिला बस म्हणायचे नाही. चार महिन्यांनी जाणारच होती. एके दिवशी बाईंनी विचारले, "तुझी आई फडातून आल्यावर काय करती गं?" मुलगी म्हणाली, "वाढं इकती." बाईंनी काड्यांच्या पेंढ्या पुढ्यात ठेवल्या. तिने भराभर मांडल्या, सहा मोजल्या, आणि न विचारता दोन बाजूला सारून म्हणाली, "ह्या इकल्या, चार ऱ्हायल्या." वर्गात रोज येणाऱ्या बऱ्याच मुलांना वजाबाकी अजून अशी दिसत नव्हती. त्या दिवसापासून बाईंनी तिला बसवून घेतले. भावालाही.

मार्चच्या शेवटी पट्टा पडला. मुलीचे वजन आणि उंची ॲपमध्ये होती. तिच्या गावची सेविका ती पाहू शकेल अशी सोय आहे. पण ती सहातून दोन काढते, तिला गोष्टीतला कोल्हा आवडतो, 'ट'ने सुरू होणारे शब्द ती सांगते, हे कुठे लिहायचे? बाईंनी वहीचे ते पान फाडले आणि तिच्या आईला दिले. आईने ते लसीच्या कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवले. पान पुढे कुणी वाचले की नाही, हे बाईंना कळलेले नाही.

गेल्या वर्षी त्या नवीन वही शिवायला घेऊन आल्या. चौथ्या नंबरची आता लागत नाही, हजेरी फोनवर जाते. नुसती कोरी वही हवी होती, शंभर पानांची. मी प्रत्येक पानाला परफोरेशन मारून दिले. पान ओढले की नीट सुटते, फाटत नाही.